बोनेटमध्ये चिमणी ओरडते : दोन बेल्ट बदलून झाले, आवाज तसाच

रंकाळाकाठ | सोमवार, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी. गाडीतलं मला पेट्रोल भरण्यापलीकडं फारसं कळत नाही, म्हणून इथं विचारतोय.

गाडी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, ८६ हजार किलोमीटर झालेत. गेले दोन महिने सकाळी चालू केली की पुढून चिर्र-चिर्र-चिर्र. बोनेटमध्ये चिमणीनं घरटं केल्यासारखं. सासूबाईंनी तर एकदा खरंच वाकून बघितलं. गाडी तापली की आवाज कमी होतोय, खरं पूर्ण जात नाही. सिग्नलला थांबलं की परत सुरू. अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबला की चिमणी भरभर ओरडते, जास्त दाबला की इंजिनाच्या आवाजात बुडून जाते.

गॅरेजमध्ये दाखवली. ‘फॅन बेल्ट गेलाय’ म्हणून बदलला. चार दिवस गप्प, पाचव्या दिवशी परत. तर म्हणे बेल्ट डुप्लिकेट लागला असेल, भारीतला टाकू. टाकला. आठ दिवस गप्प. काल देवळाला निघालो तर दारातच चिमणी. आता तिथं म्हणायलेत की बॅटरी चार्ज करणारा डायनॅमोच नवा टाका. दोन बेल्टचे पैसे गेलेच आहेत, म्हटलं तिसरा खड्डा पडायच्या आत विचारावं.

आडवा_पाना | सोमवार, ९.२५

बेल्ट टाइट करा की. दहा मिनिटांचं काम.

रंकाळाकाठ | सोमवार, ९.३१

दोनदा केलाय. दुसऱ्यांदा इतका आवळला की आवाजाची पट्टीच बदलली.

विषय_हार्ड | सोमवार, ९.४०

बेल्टला कपडे धुवायचा साबण घासा. आमचा ड्रायव्हर तेच करतो. नाहीतर दुकानात बेल्टवर मारायचा स्प्रे मिळतोय, फुस्स केलं की विषय कट.

लेथवाले_तात्या | सोमवार, दुपारी १.०५

जेवण टाकून लिहायला बसलोय, कारण वर साबण वाचला.

साबण, मेण, पावडर, स्प्रे यातलं काहीही लावू नका. स्प्रे चिकट असतोय. त्यानं चार-आठ दिवस पकड वाढते, आवाज दबतो आणि खरं दुखणं आत वाढत राहतं. वर त्या चिकट्यावर धूळ बसते. आपल्याकडं ऊसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी चालवली की बोनेटमध्ये काय काय जातं ते उघडून बघा एकदा. ती सगळी घाण बेल्टच्या खोबणीत जाऊन बसणार आणि मग तिचाच वेगळा आवाज.

आता मुद्द्याचं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, तीस वर्षं गेली माझी. गॅरेजवाला नाही मी, खरं पुली, बुश, शाफ्ट एवढंच आयुष्यभर हातात होतं. त्यातनं एक कळलं. बेल्ट हा घरातल्या धाकट्या सुनेसारखा असतोय. बिघडलेलं असतंय दुसऱ्याचं, बोंबलताना दिसते ती.

पहिलं आवाज ओळखा. दोन जाती आहेत. एक म्हणजे सलग किंकाळी, चीईईई. गाडी चालू करताक्षणी, नाहीतर एसी लावला, हेडलाइट लावले की येते. तो बेल्ट घसरल्याचा आवाज. बेल्ट सैल असेल, त्यावर तेल किंवा कूलंट गळत असेल, नाहीतर एखादी पुली जड फिरत असेल. सकाळी सकाळीच ती किंकाळी का येते? स्टार्टरनं बॅटरीतला करंट खाल्लेला असतोय आणि डायनॅमो ती भरून काढायला पहिली काही मिनिटं जोर लावतो. तेवढा जोर ओढताना बेल्ट घसरतो. (आम्ही अजून डायनॅमोच म्हणतो, आहे तो अल्टरनेटर.)

दुसरी जात म्हणजे तुमची चिमणी. चिर्र-चिर्र, तुटक, तालात, इंजिनाबरोबर भरभर होणारी. ही बहुतेक वेळा बेल्ट एका रेषेत धावत नसल्याची खूण. एखादी पुली आत किंवा बाहेर बसलेली, नाहीतर तिरकी. बेल्टच्या कडा दर फेरीला खोबणीत तिरक्या शिरतात आणि घासतात, म्हणून ती चिर्र. नवा बेल्ट मऊ असतोय, चार दिवस सोसून घेतो. कडा झिजून गुळगुळीत झाल्या की ओरडायला लागतो. तुमचा पहिला चार दिवस गप्प, दुसरा आठ दिवस. वाचता वाचताच मला तिथं शंका आली.

घरी करायची एक परीक्षा सांगतो. इस्त्रीच्या वेळी पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घ्या. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता), चिमणी ओरडत असताना बेल्टच्या खाचांच्या बाजूनं दोन फवारे मारा. थोडंच पाणी, डायनॅमोवर नको. आवाज गप्प झाला आणि थोड्या वेळानं परत आला, तर पुल्यांची रेष बघायची. उलट पाणी पडल्यावर आवाज वाढला, तर बेल्ट घसरतोय, ताण बघायचा. काहीच फरक पडला नाही तर बेल्टला सोडा, बेअरिंगच्या मागं लागा.

दादा, हात लांब ठेवा. लोंबती बाही, मफलर, गळ्यातली साखळी काही नको. चालू बेल्ट बोट मागत नाही, घेतो.

पंचगंगापार | सोमवार, २.२०

तात्यांचं बेअरिंगचं खरं आहे. माझी ही कथा.

२०१९ च्या ऑगस्टात महापुराचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये आलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ. खरं त्या वर्षी पाणी कुठल्या आकड्याला जुमानलं नाही. गाडीच्या अर्ध्या चाकाच्या वरपर्यंत पाणी होतं. इंजिन वाचलं, सीटही वाचल्या, आम्ही पेढे वाटले. दिवाळीच्या सुमारास पुढून घरघर सुरू झाली, जात्यावर दळण घातल्यासारखी. तीही बेल्टवरच ढकलली, बेल्ट बदलला, घरघर तशीच.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक आयडलर पुलीच्या (बेल्टला नुसती वाट दाखवणाऱ्या पुलीच्या) मधल्या बोल्टावर टेकवलं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली. मग मला ऐकवलं. आत अक्षरशः वाळू फिरत होती. पुराच्या पाण्यानं बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन नेलेलं. बेल्ट उतरवून पुली हातानं फिरवली तर खरखर बोटांना लागायची. एक पुली बदलली, काम संपलं. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीची ही सगळी बेअरिंगं तपासून घ्या, पाणी इंजिनात गेलं नसलं तरी.

कोथरूडकर | सोमवार, ३.४५

उत्तम चर्चा. एक भर घालतो.

जुने बेल्ट निओप्रीनचे असत, त्यांना आडव्या भेगा पडायच्या. त्या मोजून बेल्ट बदलायचा की नाही ते ठरायचं. हल्लीचे बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात. ते वर्षानुवर्षं भेगा पडू देत नाहीत, फक्त टायरसारखे झिजतात. खोबणी रुंद होते, पुलीचा दात तळाला टेकतो, मग घसरणं सुरू. त्यामुळे ‘बेल्टला भेग नाही म्हणजे चांगला’ हे आता चालत नाही. खोबणीची खोली बघावी लागते.

आणि नवा बेल्ट घेताना जुन्यावरचा क्रमांक बघून घ्या. समजा ४पीके८८० असेल, तर चार धारा (खोबणींमधले लांब उंचवटे), पीके जातीचा म्हणजे दोन धारांमध्ये ३.५६ मिमी अंतर, आणि लांबी ८८० मिमी. दुकानदार ‘हाच बसतो’ म्हणून ८७५ चा किंवा ८९० चा हातात ठेवतात.

बाकी, ‘फॅन बेल्ट’ या शब्दाची गंमत वाटते. या गाड्यांत पंखा विजेवर चालतो. बेल्टचा आणि फॅनचा काडीचा संबंध उरलेला नाही.

लेथवाले_तात्या | सोमवार, ४.००

पुण्याचे दिसताय. माहिती एक नंबर. फॅन बेल्टच म्हणणार आम्ही.

विषय_हार्ड | सोमवार, ४.१२

साबण परत घेतो. एक अडाणी प्रश्न. हा बेल्ट तुटला तर इंजिन फुटतं ना? मित्राच्या गाडीचं हेड उतरवावं लागलेलं.

आडवा_पाना | सोमवार, ४.३०

तो टायमिंग बेल्ट, भावा. तो आत झाकणाखाली असतो, तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन वाल्ववर जाऊन धडकतो. हा बाहेरचा. हा तुटला तर बॅटरीचा दिवा लागणार, आणि याच्यावरच वॉटर पंप असला तर तापमानाचा काटा वर चढायला लागणार. तिथं ‘घरापर्यंत नेऊ’ म्हणून चालवत राहिलात तर मात्र हेड जाईल, आणि त्याचा दोष बेल्टचा नाही. गगनबावड्याच्या घाटात असं झालं तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि चहा प्या.

रंकाळाकाठ | सोमवार, रात्री ९.५०

फवारा मारला. दोन फुस्स. चिमणी एकदम गप्प! मी उड्या मारायच्या बेतात होतो, तेवढ्यात अर्ध्या मिनिटात परत चिर्र-चिर्र. तीनदा करून बघितलं, तिन्हीदा तेच.

आणि तात्या, मी दादा नव्हे. वहिनी म्हणा, नाहीतर बाई म्हणा. शाळेत गणित शिकवतो.

कोथरूडकर | सोमवार, १०.०५

क्षमस्व, पण ‘शिकवतो’?

पंचगंगापार | सोमवार, १०.०८

आमच्याकडं बायका ‘मी येतो, मी जातो’च म्हणतात. चिमणीवर या.

लेथवाले_तात्या | मंगळवार, सकाळी ६.४०

माफी असावी बाई. मफलरच्या जागी पदर आणि ओढणी वाचा.

म्हणजे रेषेचाच घोटाळा निघाला. आता आठवून सांगा, आवाज सुरू व्हायच्या आधी सहा महिन्यांत इंजिनाच्या पुढच्या बाजूला कुणी हात घातलाय का? वॉटर पंप, डायनॅमो, एसीचा कॉम्प्रेसर, काहीही. पुली आपली आपण सहसा जागा सोडत नाही. माणूस तिला हलवतो.

रंकाळाकाठ | मंगळवार, ७.१५

अहो हो! जूनमध्ये बॅटरीचा दिवा लागायला लागला होता. एका ऑटो इलेक्ट्रिशियननं डायनॅमो उतरवून नेला, बेअरिंग आणि कार्बन बदलले, दुसऱ्या दिवशी बसवून दिला. चार्जिंग व्यवस्थित आहे तेव्हापासून. चिमणी जुलैत आली, म्हणून दोन्हीचा संबंध लावला नाही. पावसाळ्याचं काहीतरी असेल असं वाटलं.

लेथवाले_तात्या | मंगळवार, ७.३०

संबंध आहे असं धरून चालू. इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी गार. स्टीलची सरळ पट्टी घ्या, वर्गात असते तसली. तुमच्या गाडीत बेल्ट किती?

रंकाळाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

दोन. एक एसीचा वेगळा. दुसरा खालची मोठी पुली, वॉटर पंप आणि डायनॅमो अशा तिघांवर फिरतो, तोच बदललाय. पट्टी खालच्या आणि पंपाच्या पुलीच्या तोंडावर टेकवली, दोन्ही एका रेषेत. डायनॅमोची पुली आत आहे, जवळजवळ ५ मिमी! सापडलं ना?

लेथवाले_तात्या | मंगळवार, ६.४५

थांबा, इथंच चुकतात सगळे. पुलीच्या कडेवरनं मापायचं नाही. एकीची कड जाड असते, एकीची पातळ. बेल्ट कडेवर धावत नाही, खोबणीत धावतो. तिन्ही पुल्यांची पहिली खोबण धरा. पट्टीपासून प्रत्येक पुलीच्या पहिल्या खोबणीच्या तळापर्यंत आडवं अंतर किती, ते बघा. बेल्ट वर असताना दिसत नसेल तर बेल्टची बाहेरची कड धरली तरी चालेल, ती खोटं बोलत नाही.

रंकाळाकाठ | मंगळवार, ८.३०

मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून मापलं, सासूबाई पट्टी धरायला. कडेवरनं ५ वाटत होतं, बेल्टच्या कडेवरनं ३ मिमी. डायनॅमो ते पंप, बेल्टचा मोकळा भाग १६ सेंमी. म्हणजे ३ भागिले १६०, कोन साधारण १.०७ अंश. एक अंश म्हणजे किती वाईट? वर्गात मी एक अंशाच्या चुकीला अर्धा गुण कापतो.

कोथरूडकर | मंगळवार, ८.५०

भरपूर वाईट. धारांच्या बेल्टला अर्ध्या अंशाच्या आत ठेवणं चांगलं, एक अंशाच्या पुढे आवाजाची तयारी ठेवायची. मोकळा भाग जितका आखूड, तितका तोच मिलिमीटर जास्त बोचतो. हाच ३ मिमीचा फरक ४० सेंमीच्या अंतरात असता तर कदाचित कुणाला कळलाही नसता.

लेथवाले_तात्या | मंगळवार, ९.१०

डायनॅमोच्या शाफ्टवर बेअरिंग आणि पुली यांच्यामध्ये एक कॉलर असते, छोटं कडं. बेअरिंग बदलताना ती निघते. ती हरवली, किंवा तिच्या जागी दुसरीच पातळ घातली, तर पुली तेवढी आत जाते. नाहीतर डायनॅमो ज्या बोल्टावर लटकतो तिथला बुश किंवा वायसर इकडचा तिकडं झाला असेल. उघडल्याशिवाय कळणार नाही. नवा डायनॅमो मात्र घेऊ नका. आठ-नऊ हजार जातील, आणि नव्याच्या पुलीची रेष जुळली तर चिमणी जाईलही. मग सगळे म्हणतील, बघा, डायनॅमोच खराब होता.

शनिवारी सकाळी उद्यमनगरात या. माझा लेथ पोरानं विकला, खरं शेजारच्याचा चालू आहे.

आडवा_पाना | बुधवार, सकाळी ८.००

बाई, तोपर्यंत बेल्ट थोडा सैल करून घ्या. वर लिहिलंय की फार आवळलाय. जास्त ताण म्हणजे डायनॅमोच्या आणि पंपाच्या बेअरिंगवर सतत ओढ. अंगठ्यानं मोकळ्या भागाच्या मध्यावर दाबून ८-१० मिमी जाईल एवढा, असा सर्वसाधारण अंदाज असतो. गाडीच्या पुस्तकात आकडा दिलेला असेल तर तोच धरा. ज्या गाड्यांत बेल्ट आपोआप ताणून धरणारा स्प्रिंगचा टेन्शनर असतो तिथं हा खेळ नसतो, तिथं टेन्शनरचा हात आयडलवर थरथरतोय का ते बघायचं.

रंकाळाकाठ | शनिवार, रात्री १०.१५

सगळं लिहितो, कारण निम्मे प्रश्न तुमचेच होते.

तात्या भेटले. पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात जाडी मापायचं व्हर्निअर. पेन नाही, व्हर्निअर! डायनॅमो उतरवला, नट सोडून पुली काढली, आणि आतनं निघाले दोन वायसर. साधे, हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळतात तसले, एकावर एक. कॉलर गायब. तात्या पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘चार्जिंग केलंय ना त्यानं नीट, मग झालं.’ पुढं जे म्हणाले ते इथं लिहिता येणार नाही.

मूळ कॉलर किती जाडीची होती हे कुणालाच माहीत नाही. मग उलट हिशोब केला. पुली ३ मिमी बाहेर यायला पाहिजे, दोन वायसरांची जाडी मिळून ४.१, म्हणजे कॉलर ७.१ मिमीची. हा हिशोब मी केला आणि तात्यांनी तपासला, शाळेत उलटं असतं. माइल्ड स्टीलच्या बारचा तुकडा लेथवर चढला, बाहेरून घासला, मध्ये भोक पाडून शाफ्टला बसेल असं बोअर केलं. तात्या एकाच गोष्टीवर अडून बसले, दोन्ही तोंडं समांतर हवीत. एक तोंड जरी तिरकं राहिलं तर नट आवळल्यावर पुली डुलणार आणि चिमणीच्या जागी दुसरं पाखरू येणार. म्हणून दुसरं तोंड दोनदा घासलं.

बसवून खोबणीला खोबण मापली, आता फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत आहे. १६० मध्ये अर्धा, म्हणजे ०.१८ अंश. अर्धा गुणसुद्धा कापणार नाही.

बेल्ट तोच ठेवला, दोनेक आठवड्यांचाच आहे. एका कडेला धागे सुटल्यासारखी लव आली होती, तेवढीच. चालू केल्यावर पहिले दोन मिनिटं अगदी बारीक चिर्र आली, माझा जीव गोळा झाला. तात्या म्हणाले थांबा, पुल्यांवर त्या आधीच्या स्प्रेचा चिकटा आहे. (गॅरेजमध्ये मारला होता, मला आज कळलं.) बंद करून ब्रशनं साबणाच्या पाण्यानं पुल्या घासल्या, पुसल्या, वाळवल्या. मग काही नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर लावला, १४.२ व्होल्ट.

लेथवाल्यांनी पैसे घ्यायला नको म्हटलं, जबरदस्तीनं दिले. मिसळ तात्यांनी खिलवली.

विषय_हार्ड | शनिवार, १०.२२

म्हणजे साबण लागलाच की शेवटी.

लेथवाले_तात्या | रविवार, सकाळी ६.३०

पुलीला लावला, बेल्टला नाही. धुतला पण.

घाटमाथा | रविवार, ११.००

माझ्याकडं डिझेल आहे. बंद करताना बेल्टकडनं एकदा खडखड होते आणि चालू असताना टेन्शनरचा हात नाचतो. हाच प्रकार का?

आडवा_पाना | रविवार, ११.४०

तुमचा वेगळा. बऱ्याच डिझेल गाड्यांत डायनॅमोची पुली एकाच दिशेनं जोर लावते, दुसऱ्या दिशेनं मोकळी सुटते, सायकलच्या फ्रीव्हीलसारखी. ती आत जाम झाली की इंजिनाचा प्रत्येक झटका बेल्टवर येतो आणि टेन्शनर नाचतो. बेल्ट उतरवून, डायनॅमोचा आतला भाग धरून पुली फिरवून बघा. दोन्हीकडं घट्ट असेल तर गेली. टेन्शनर आधी बदलू नका. नवा धागा काढा, तिथं बोलू.

रंकाळाकाठ | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.४०

कळवायचं राहिलं. ६०० किलोमीटर झाले, त्यात पावसात गगनबावडा आणि परत. एकदाही आवाज नाही.

लेथवाले_तात्या | रविवार, ८.५५

झकास. गाडीतनं काढलेला पहिला बेल्ट कुठाय? दोन महिन्यांपूर्वी बदललेला, कंपनीचा मूळचा?

रंकाळाकाठ | रविवार, ९.०२

का?

लेथवाले_तात्या | रविवार, ९.०५

त्याचा काहीच गुन्हा नव्हता. खोबणी खोल असतील तर डिकीत टाकून ठेवा, घाटात उपयोगी पडेल.

रंकाळाकाठ | रविवार, ९.१४

तुळशीच्या कुंडीला तडा गेला होता. सासूबाईंनी तो कुंडीला कडं म्हणून चढवलाय. बरोब्बर मापात बसलाय आणि तेव्हापासून कुंडी एक थेंब गळत नाही.

लेथवाले_तात्या | रविवार, ९.२०

८८० चा असणार. राहू दे तिथंच.